टेलचा चौक मीच अडवला

मथुरे, घरात बसवत नाही. तेरावं होऊन आठ दिवस झाले. शोभा अजून सासरी गेली नाही. घडीघडी चहा ठेवते आणि म्हणते, "आण्णा, जरा टेका की." टेकतो. टेकलं की उठावंसं वाटतं. उठून कोपऱ्यापर्यंत जातो, तिथं माझं काही काम नसतं, परत येतो. शेजारीपाजारी म्हणतात, बायको गेली आणि म्हातारं भ्रमलं. भ्रमलो नाही. तुझ्याशी एक गोष्ट बोलायची राहिली आहे आणि ती आतून चावते. समोर तू नाहीस म्हणून लिहितो. मी चौथी, तू सातवी. चुका काढायच्या तर काढ.

भेटायला येणारी माणसं पहिलं काय विचारतात माहीत आहे? "गाडी अडकली का हो ट्रॅफिकमधे?" आपण त्या रस्त्यावरची माणसं, म्हणून त्यांना वाटतं रस्त्यानंच नेलं असेल. नाही म्हणतो. पहाटे पाचला रस्ता साफ होता. ॲम्ब्युलन्स दहा मिनिटांत दारात उभी. तुझं काळीज त्याच्या आधीच थांबलं होतं. रस्त्याच्या नावानं बोटं मोडायची तेवढी सोयसुद्धा तू ठेवली नाहीस.

आणि रस्त्याच्या नावानं बोलायला मला तोंड तरी कुठं आहे.

वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो, तुला तर सगळं पाठ आहे. आमच्या नाशकात द्वारकेकडून नाशिकरोडला जाणारा रस्ता. त्याच्यावर एकमेकांना लागून तीन सिग्नल. वरचा चौक, मधला चौक, खालचा चौक. मधल्या चौकात आमचा शेअर रिक्षांचा स्टँड. समोर कडुनिंबाखाली तुझं गोणपाट. सायखेड्याहून तुझा भाऊ मेथी-कोथिंबीर पाठवायचा, तू जुड्यांवर पाणी शिंपडून मांडायचीस. मी इकडं, तू तिकडं, मधे गाड्या. मी रस्त्यात होतो म्हणून मला रस्ता कधी दिसला नाही. तुला दिसायचा.

"अवो," तू एकदा जेवताना म्हणालीस, "तुमच्या रिक्षा बसच्या थांब्यात उभ्या. बसला शिरायला जागा नाय, म्हणून ती भर रस्त्यात थांबते. तिच्यामागं समदं थांबतं. मग तुमीच हॉर्न मारता. कोणाला मारता?"

"चार सीट भरल्याबिगर रिक्षा काढायची नाही, हा स्टँडचा नियम आहे. थांब्यात नाही तर कुठं उभं राहू? तुझ्या डोक्यावर?"

"डोक्यावर उभे राहा, पन तिथून हला."

तुझा बाप पाटकरी. कालव्याच्या चारीवरची दारं उघडायची, पाडायची, हे त्याचं काम. तू लहानपणी त्याच्यामागं बांधाबांधानं फिरलेली. टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक, हे मला लग्नानंतर तूच शिकवलंस. "बाबा आधी टेलची दारं मोकळी करायचा," तू सांगायचीस. "खाली जागा झाली की मग मधलं दार, मग वरचं. उलटं केलं की पाणी तुंबतं आन् बांध फुटतो. तुमचे सिग्नल उलटे हायेत. वरचा सुटतो तवा खालचा बंद. समद्या गाड्या येऊन आपल्या चौकात तुंबतात."

"रस्ता म्हणजे पाट नाही," मी म्हणायचो. "पाण्याला पोट नसतं. रिक्षावाल्याला असतं."

"मग पोटाचंच ऐका. बस म्हणजे मोठा कालवा. तुमी चाऱ्या. चारी कधी कालव्याला लागून त्याच्याच संगं धावते का? ती आडवी शेतात जाते. बसमधून उतरलेलं माणूस आत कॉलनीत न्या, आतलं माणूस बसपर्यंत आणा. बसच्या पुढं पळून तिचीच माणसं कशाला पळवता?"

मला राग कशाचा यायचा सांगू? तुझं बोलणं खोडता यायचं नाही, याचा.

मग त्या सर्व्हेच्या मॅडम आल्या. आपल्या शोभापेक्षाही लहान पोरगी. डोक्यावर टोपी, हातात गाड्या मोजायचं यंत्र. उन्हात उभी राहून थकली आणि तुझ्या गोणपाटाच्या कडेला टेकली. तू तिला पाणी दिलंस, आणि पाण्याबरोबर कालवाही पाजलास. फॉर्मच्या मागच्या बाजूला तीन चौक काढून दिलेस. ती म्हणाली, "मावशी, आम्ही ऑफिसात संगणकावर हेच जमवतोय. तुम्हाला कोणी सांगितलं?" तू म्हणालीस, "माझा बाप. तो मेला त्याला तीस वर्षं झाली."

समाजमंदिरात मीटिंग झाली. साहेब लोक, पोलीस, बसवाले आणि आमचा सगळा स्टँड. मॅडमनी तुला उभं केलं. तू पदर खोचलास आणि सगळं सांगितलंस. रिक्षा थांब्यातून उठवून शाळेच्या भिंतीमागच्या बोळात लावा. बस सुटली की शिट्टी, शिट्टी झाली की एक रिक्षा बाहेर, भरलेली असो नसो. सिग्नल टेलकडून सोडा. तुझा आवाज थरथरला नाही. मागून रफिक, आमचा नंबर लावणारा, ओरडला, "तात्या, घरी कोणाचा सिग्नल चालतो?" सगळा हॉल हसला. तूसुद्धा हसलीस. मी नाही हसलो.

घरी आल्यावर मी ताट सरकवलं. "माझ्या भाकरीत माती कालवतेस," म्हणालो. "तीस वर्षं रस्त्यावर काढली मी. मला शिकवतेस?"

तू ताट परत माझ्यापुढं ठेवलंस. "काढली कशाची? त्यातली पंधरा उभेच राहिलात."

एका सकाळी ते करून बघायचं ठरलं. दोन तास, तिन्ही चौकांत पोलीस, सिग्नल त्यांच्या हातात. रिक्षा बोळात. रफिकच्या गळ्यात शिट्टी. पहिला अर्धा तास मी बघत राहिलो, मथुरे. खालचा चौक आधी सुटला, मग आपला, मग वरचा. गाड्या आल्या तशा गेल्या. बस आली, थांब्यात सरळ शिरली, माणसं उतरली, बस निघाली. हॉर्न नाही. मी त्या चौकात पहिल्यांदा कडुनिंबावरच्या पाखरांचा आवाज ऐकला. आणि मला भीती वाटली. फसेल याची नाही, जमेल याची. जमलं तर काय? उद्यापासून बायकोच्या डोक्यानं चालणारा स्टँड, आणि मी त्यातला सगळ्यात म्हातारा रिक्षावाला.

शिट्टी झाली. माझा नंबर होता. दोन सीट घेऊन निघालो आणि ठरल्याप्रमाणं आडवं कॉलनीत वळायचं सोडून सरळ खालच्या चौकाकडं गेलो. सिग्नल ओलांडला आणि पुढं जिथं रस्ता आवळतो तिथं मधोमध रिक्षा थांबवली. इंजिन बंद पाडलं. सीटांना म्हणालो, "गॅस संपला, उतरा."

गॅस संपला नव्हता.

नीट वाच. कुठं अडवलं की तिन्ही चौक एकदम तुंबतील ती जागा मला तूच शिकवली होतीस. वरच्या चौकात अडवलं असतं तर काही झालं नसतं. मी टेल अडवला. तुझ्या बापाची विद्या घेतली आणि तुझ्याच पाटाचा बांध फोडला.

पाच मिनिटांत वरपर्यंत गाड्या तुंबल्या. मागचा बस ड्रायव्हर आयमाय काढायला लागला. मॅडम पळत आल्या, त्यांच्या मागून तू. भाजी तशीच टाकून आलेली. कोणाला काही विचारलं नाहीस. साडी खोचलीस, रिक्षाच्या मागं गेलीस आणि खांदा लावलास. "अवो, मी ढकलते, तुमी हॅन्डल धरा, कडेला घेऊ."

मी हॅन्डल धरलं. पण ब्रेकवरचा पाय काढला नाही.

तू ढकलत होतीस. लोक हसत होते. मोबाईलवर कोणीतरी शूटिंग घेत होतं. तू म्हणालीस, "एवढी जड कशी झाली?" पुन्हा खांदा लावलास, पुन्हा. साठी ओलांडलेली बाई, आणि तिचा नवरा आत बसून ब्रेक दाबतोय. किती वेळ ते मला माहीत नाही. शेवटी पोलिसानं चौघांना बोलावलं, मग मी पाय काढला आणि रिक्षा कडेला गेली. तोवर सगळं संपलं होतं. साहेबानं हात हलवला, पोलिसांनी सिग्नल पहिल्यासारखे चालू केले. कोणीतरी ओरडलं, "पाटकरणीचा बांध फुटला रे!"

घरी तू गुमान भाकऱ्या टाकल्यास. मी विचारलं नसताना म्हणालो, "गॅस संपला अचानक." तू म्हणालीस, "हातपाय धुवा." बस. आठ दिवस तुझा उजवा खांदा वर होत नव्हता. मी मलम चोळायला गेलो तर म्हणालीस, "नको, डाव्या हातानं जमतं."

त्यानंतर पाच महिने रस्त्याबद्दल तू एक शब्द काढला नाहीस. मेथी विकलीस, घरी आलीस, शोभाशी फोनवर बोललीस. मला वाटलं, हरली म्हणून गप्प आहे. मला बरं वाटलं. खरं सांगतो, आता खोटं बोलून काय मिळणार आहे.

गेल्या आठवड्यात मॅडम घरी आल्या. तुझ्या फोटोला हार घातला. फोटोपुढं बसून रडल्या, मला रडू आलं नाही म्हणून मलाच लाज वाटली. मग डोळे पुसून म्हणाल्या, "काका, वरून कागद आलाय. हे असं चौकाला चौक जोडून, बस आणि रिक्षा एकत्र चालवणं इथं जमत नाही, असं त्या दिवसावरून ठरलंय. म्हणून मधला चौक बंद करून दुभाजक टाकायचा आणि स्टँड उठवायचा. मला शेवटचं मत द्यायचंय. खालचा चौक त्या दिवशी का तुंबला, तेवढंच मला कळत नाही. माझं गणित कुठं चुकलं? मावशींचं कुठं चुकलं?"

मी म्हणालो, "बघतो." एवढंच म्हणालो मी. ती पोरगी गेली.

मग घरात बसवेना. संध्याकाळी चालत चौकात गेलो. चौक तुंबलेला, रोजच्यासारखा. रफिकची रिक्षा माझ्यापुढं सरकत होती. त्यानं ब्रेक दाबला. मागचे दोन लाल दिवे पेटले.

मथुरे, मी तिथंच उभा राहिलो. एक मोटारसायकलवाला शिव्या देऊन गेला.

ब्रेक दाबला की मागं लाल दिवा लागतो. तीस वर्षं रिक्षा चालवणाऱ्याला हे सांगावं लागतं? पण चालवणारा पुढं बसतो. दिवा त्याला दिसत नाही. तू मागं होतीस. खांदा लावून, तोंड दिव्यापासून वीतभर. आणि दिवे बंद होते म्हणायचीही सोय नाही. किल्ली चालूच होती, आणि पासिंगसाठी त्याच आठवड्यात मी दोन्ही नवे बसवले होते.

म्हणजे तुला कळलं होतं. पहिल्याच धक्क्याला कळलं असणार. तरी तू ढकलत राहिलीस. कशासाठी? लोकांना कळू नये म्हणून? का मी पाय काढतो का बघत होतीस? पाच महिने एका ताटलीतलं मीठ खाल्लं आपण. एक शिवी द्यायची होतीस. "नालायका, पाय काढ" एवढं म्हणायचं होतंस तिथंच. मी काढला असता. नसता काढला का? मला ठाऊक नाही. हे मी रोज उठून बसून विचारतो.

तुझं बोलणं मला खुपायचं. तुझं न बोलणं किती जड आहे ते आता कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर गेलो. सगळ्यांना बोळात बोलावलं. म्हणालो, "त्या दिवशी गॅस संपला नव्हता. मी मुद्दाम अडवलं. बाई ढकलत होती तेव्हा मी ब्रेक दाबून बसलो होतो."

मला वाटलं, मारतील. रफिक जमिनीकडं बघत म्हणाला, "तात्या, ठाऊक होतं. गॅस संपलेली रिक्षा दुपारी सिडकोचं भाडं घेऊन गेली, पंपावर न जाता. काय चमत्कार झाला होता का?"

"मग बोलला का नाहीस?"

"आम्हाला तरी कुठं पाहिजे होतं ते? तुम्ही केलं, आमचं काम झालं." मग म्हणाला, "मावशी ढकलत होती ना, तेव्हा मी हसलो होतो. घरी अम्मीला सांगितलं. तिनं दोन दिवस जेवायला नाही विचारलं."

मी म्हणालो, आता स्टँडच उठतोय. ते ऐकल्यावर कालवा झाला. कोणी मला शिव्या दिल्या, त्या मी घेतल्या. कोणी म्हणालं, म्हाताऱ्यानं आपल्या पोटावर पाय दिला. बरोबरच होतं. एक जण म्हणाला, भरल्याशिवाय निघायचं तर मालकाचं भाडं कोण देणार? त्यावर रफिकच म्हणाला, "आता तासभर उभं राहून देतोस का? बोळात तरी सावली आहे." तासभर भांडण चाललं. शेवटी ठरलं, अजून एकदा करून बघू. अट एकच. टेलच्या चौकात तात्यानं स्वतः उभं राहायचं, पायी, रिक्षा घरी ठेवून.

मॅडमकडं गेलो. खरं काय ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग कागदावर माझी सही घेतली. वर एक ओळ होती, पद्धत कोणी सुचवली. म्हणाल्या, "मी लिहू?" मी म्हणालो, मी लिहितो. तुझं नाव लिहिलं. माझं नाव नवऱ्याचं म्हणून मधे येतं, ते गाळलं. तुझ्या बापाचं घातलं.

काल सकाळी पुन्हा झालं. दोन तास. मी खालच्या चौकात उभा, गळ्यात शिट्टी, पोलिसाच्या शेजारी. खालचा सुटला, मधला सुटला, वरचा सुटला. कोणी अडवलं नाही. रफिक बोळातून एकेक रिक्षा काढत होता आणि त्या आडव्या कॉलनीत जात होत्या, परत येऊन बसला माणसं देत होत्या. मॅडम खालून वर, वरून खाली पळत होत्या. साहेब घड्याळ बघत होता. तुंबलं नाही. पक्कं काय ठरेल ते देव जाणे, पण स्टँड उठवायचा कागद तूर्त थांबलाय, असं मॅडम म्हणाल्या.

पण ऐक. शेवटच्या अर्ध्या तासात मी मधल्या चौकात आलो, बघायला. पेठ तालुक्याकडची एक म्हातारी बसमधून उतरली. डोक्यावर नागलीचं बोचकं, हातात आणखी एक. रिक्षा कुठं म्हणून विचारलं. कोणी बोळ दाखवला. ती दहा पावलं गेली आणि पदपथावर बसली. बोळापर्यंतची दोनशे पावलं तिला होणारी नव्हती. आधी रिक्षा तिच्या पायाशी उभी असायची. आता माणूस सुटसुटीत असेल तर सगळं सुरेख, आणि ओझं असलेल्या म्हाताऱ्या माणसानं काय करायचं? हे तुझ्या तीन चौकांच्या चित्रात नव्हतं. कालव्यात पाणी असतं, त्याच्या डोक्यावर बोचकं नसतं!

मी वळलो आणि जोरात ओरडलो, "मथुरे, इथं चुकलीस बघ!"

काय आनंद झाला होता मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुला बरोबर पकडली होती.

कडुनिंबाखाली आता तुझ्या शेजारची हिराबाई बसते. लिंबं मांडता मांडता तिनं वर बघितलं. "काय चुकलं तात्या? सांगा मला."

म्हटलं, तुला नाही. आणि म्हातारीचं बोचकं उचललं.